विद्येच्या माहेरघराच्या लेकी

पुण्याला विद्येचें माहेरघर म्हणण्याचा प्रघात जुना आहे. स्वागताच्या भाषणांत आणि शाळांच्या अहवालांत हा शब्दप्रयोग इतक्या वेळां येऊन गेला आहे कीं, त्यांतील 'माहेर' या शब्दाकडे आतां कोणाचें फारसें लक्षही जात नाहीं. वस्तुतः माहेर हा शब्द सर्वस्वीं स्त्रीच्या आयुष्यांतला. पुरुषाला घर असतें, वाडा असतो, वतन असतें; माहेर असतें तें लेकीला. जेथें न बोलावतां जातां येतें, जेथें उंबरठा ओलांडतांना कोणाची परवानगी विचारावी लागत नाहीं आणि जेथें चार दिवस मोकळेपणानें घालवितां येतात, तें माहेर. या अर्थानें पाहूं गेल्यास एक प्रश्न सहजच उभा राहतो. ज्या नगरीनें हें बिरुद मिरविलें, त्या नगरीच्या लेकींना विद्येचें हें माहेर केव्हां मिळालें? आणि तें त्यांना कोणी दिलें, कीं त्यांनीं तें आपल्या हातांनीं बांधलें?

या शहराच्या जन्मकथेंतच एक स्त्री उभी आहे. सतराव्या शतकांत, १६३० च्या सुमारास, आदिलशाही फौजेनें पुणें जाळून टाकलें आणि त्यावर गाढवाचा नांगर फिरविला, असें परंपरा सांगते. त्या ओसाड जागीं जिजाबाई बाल शिवाजीला घेऊन आल्या. सोन्याच्या फाळानें जमीन नांगरल्याची कथा आणि कसब्यांतील गणपतीचें देऊळ, या दोहोंशीं लोकस्मृतीनें त्यांचेंच नांव जोडलेलें आहे. उठलेलें गांव त्यांच्या आधारानें पुन्हां वसलें. पुढें तें वाढलें, पेशव्यांची राजधानी झालें. पर्वतीच्या पायथ्याशीं रमण्यांत विद्वानांना दक्षिणा वांटली जाऊं लागली आणि पुण्याच्या पांडित्याचा लौकिक दूरवर पसरला. परंतु या वैभवांत शहराच्या लेकींच्या वांट्याला अक्षर आलें नाहीं. गोपिकाबाईंसारखी पेशवे कुळांतील एखादी स्त्री आपल्या नातवाला, सवाई माधवरावाला, पत्रानें आचाराचा उपदेश करूं शके. पण तें भाग्य वाड्याच्या भिंतीआडचें. इंग्रजी अंमल आल्यावर १८२१ सालीं विश्रामबागवाड्यांत संस्कृत पाठशाळा निघाली, तेव्हां तिचेंही दार मुलांसाठींच उघडलें. मुलगी लिहावयास शिकली, तर तिच्या कपाळीं वैधव्य येतें, ही समजूत त्या काळीं घरोघर पक्की बसलेली होती.

त्या समजुतीला पहिला धक्का बसला तो १८४८ सालीं, बुधवार पेठेंतील भिडे यांच्या वाड्यांत. जोतीराव फुले यांनीं तेथें मुलींची शाळा काढली आणि त्यांच्या पत्नी सावित्रीबाई तेथें शिकवूं लागल्या. सातारा जिल्ह्यांतील नायगांवीं १८३१ सालीं जन्मलेल्या सावित्रीबाईंचें वय त्या वेळीं सतरा-अठरा वर्षांचें. त्या स्वतः अक्षरें शिकल्या त्या लग्नानंतर, नवऱ्यापाशीं. शाळेच्या वाटेवर त्यांच्या अंगावर शेण आणि दगड पडत, आणि म्हणून शाळेंत नेसावयास एक दुसरें लुगडें त्या बरोबर नेत, ही हकीकत महाराष्ट्रांत सर्वांना ठाऊक आहे. परंतु ती सांगतांना शेणादगडांवरच इतका भर दिला जातो कीं, त्या रोज तेथें जाऊन काय करीत होत्या, तें मागें पडतें. त्या रोज वर्ग भरवीत होत्या. १८५२ पर्यंत फुले दांपत्याच्या मुलींच्या शाळा तीन झाल्या होत्या, आणि त्याच वर्षीं सरकारतर्फे जोतीरावांचा सत्कार झाला तो विश्रामबागवाड्यांत. ज्या वाड्यांत तीस वर्षांपूर्वीं केवळ मुलांसाठीं पाठशाळा निघाली होती, तेथें आतां मुलींच्या शाळांचा गौरव होत होता.

एकटी शिक्षिका शाळा चालवूं शकत नाहीं. तिला सोबतिणी लागतात आणि शिकलेल्या मुली लागतात. सावित्रीबाईंनीं १८५६ सालीं माहेराहून जोतीरावांस लिहिलेल्या पत्रांत फातिमा या सहकारिणीचा उल्लेख येतो; आपण आजारी असल्यामुळें तिच्यावर कामाचा भार पडत असेल, पण ती कुरकुर करणार नाहीं, अशा आशयाचा. शहराच्या इतिहासांत अशा कितीतरी स्त्रिया एवढ्याच एका ओळीच्या आधारानें उभ्या आहेत. आणि शिकलेली मुलगी पाहावयाची, तर ती मुक्ता साळवे. मातंग समाजांतील ही सुमारें चौदा वर्षांची मुलगी फुल्यांच्या शाळेंत शिकली आणि तिनें मांगमहारांच्या दुःखाविषयीं लिहिलेला निबंध १८५५ सालीं 'ज्ञानोदय' पत्रांत छापला गेला. ज्या जातींना वेद वाचण्याचा अधिकार नाहीं, त्यांचा धर्म तरी कोणता, असा प्रश्न तिनें त्यांत उघडपणें विचारला. ज्या पेठांतून शास्त्री धर्मनिर्णय देत आले होते, त्यांच्याजवळच शिकलेल्या एका मुलीनें हें लिहिलें, एवढ्यावरून त्या शाळेंत काय शिकविलें जात होतें, हें कळून येतें.

सावित्रीबाईंचें कार्य वर्गापुरतें राहिलें नाहीं. १८६३ सालीं फुले दांपत्यानें आपल्या घराशींच बालहत्याप्रतिबंधक गृह सुरू केलें. फसलेल्या विधवांची बाळंतपणें तेथें गुप्तपणें होत, आणि त्यांपैकींच एका विधवेचा मुलगा, यशवंत, त्यांनीं दत्तक घेतला. पुढें १८९७ च्या प्लेगांत, डॉक्टर झालेल्या याच यशवंताच्या दवाखान्याकडे एका रोगी मुलाला सावित्रीबाईंनीं स्वतः उचलून नेलें; त्यांतच त्यांना प्लेगाची लागण झाली आणि १० मार्च १८९७ रोजीं त्यांचा अंत झाला.

पहिल्या शाळेनंतरच्या पिढींत १८८२ हें एकच साल वेगळें काढून पाहण्यासारखें आहे. त्या वर्षीं पंडिता रमाबाई पुण्यांत आल्या. संस्कृत विद्येनें कलकत्त्याच्या पंडितांना थक्क केलेली ही तरुण विधवा पदरीं लहान मूल घेऊन आली आणि आर्य महिला समाजाच्या सभांतून स्त्रियांशीं बोलूं लागली. त्याच वर्षीं सरकारच्या शिक्षण आयोगापुढें तिनें साक्ष दिली आणि मुलींसाठीं स्त्री शिक्षिका व स्त्री तपासनीस असाव्यात, स्त्रियांना वैद्यकीचें शिक्षण मिळावें, अशी मागणी केली. आणि त्याच वर्षीं बुलढाण्याच्या ताराबाई शिंदे यांचें 'स्त्रीपुरुषतुलना' हें पुस्तक पुण्यांत छापून निघालें. सुरतेच्या एका विधवेला झालेल्या शिक्षेवरून वर्तमानपत्रांत स्त्रीजातीवर जें तोंडसुख घेतलें गेलें, त्याला ताराबाईंनीं दिलेलें तें उत्तर होतें. प्रती पांचशें आणि किंमत नऊ आणे, एवढाच त्याचा संसार. टीका इतकी झाली कीं, बाईंनीं पुढें दुसरें पुस्तक लिहिलें नाहीं. त्यांची बाजू उघडपणें घेतली ती जोतीरावांनीं. एक स्त्री सभेंत, एक आयोगापुढें आणि एक छापखान्यांत, असा पुण्याचा सार्वजनिक आवाज त्या वर्षीं प्रथमच बायकांच्या तोंडून ऐकूं आला. त्यांपैकीं पहिल्या दोन ठिकाणीं बोलणारी व्यक्ति एकच होती, हें त्या काळच्या एकाकीपणाचें मोजमाप समजावें.

पंडिता रमाबाईंच्या सभांना जाणाऱ्या स्त्रियांत न्यायमूर्ति रानडे यांच्या पत्नी रमाबाई होत्या. त्यांची कहाणी वेगळ्या प्रकारें कठीण आहे. त्यांना रस्त्यावर दगड बसले नाहींत. त्यांना जें सोसावें लागलें तें घरांत. अकराव्या वर्षीं लग्न होऊन त्या आल्या. पतीनें शिकविण्यास आरंभ केला, आणि घरांतील वडीलधाऱ्या स्त्रियांनीं त्याबद्दल सूनबाईला दिवसभर बोलून घ्यावें, असा क्रम अनेक वर्षें चालला. 'आमच्या आयुष्यांतील कांहीं आठवणी' या १९१० सालीं प्रसिद्ध झालेल्या पुस्तकांत त्यांनीं हें सर्व सांगितलें आहे, आणि विशेष हें कीं, छळणाऱ्यांविषयीं त्यांत कडवटपणा नाहीं. मुलींसाठीं हायस्कूल असावें, ही विनंती गव्हर्नरापुढें इंग्रजींत वाचून दाखविण्याचें काम याच रमाबाईंनीं केलें. १८८४ सालीं ती शाळा निघाली आणि लवकरच हुजूरपागेच्या जागेंत गेली. जेथें पेशव्यांच्या खास स्वारीचे घोडे बांधले जात, तेथें मुली दप्तरें घेऊन येऊं लागल्या. मुलींना इंग्रजी आणि उच्च शिक्षण कशाला, म्हणून 'केसरी'सारख्या वजनदार पत्रानें या शाळेवर सतत टीका केली. परंतु शाळा टिकली आणि आजही ती हुजूरपागा याच नांवानें ओळखली जाते.

विधवांचा प्रश्न याहून अवघड होता. शाळेंत जाणाऱ्या मुलीला निदान घर होतें; विधवेला घरांत राहूनही घर नव्हतें. इंग्लंड-अमेरिकेहून परत आल्यावर पंडिता रमाबाईंनीं १८८९ सालीं मुंबईस शारदा सदन काढलें आणि पुढच्याच वर्षीं तें पुण्यांत आणलें. रमाबाई ख्रिस्ती झालेल्या होत्या. सदनांतील मुलींच्या धर्मांतरावरून १८९३ सालीं मोठा क्षोभ झाला आणि अनेक पालकांनीं आपल्या मुली काढून नेल्या. त्या वादाची बरी-वाईट बाजू कोणतीही असो, त्या सदनांतून एक धागा निघाला तो तुटला नाहीं. सदनाची पहिली विधवा विद्यार्थिनी गोदूबाई. त्यांचा पुनर्विवाह ११ मार्च १८९३ रोजीं पुण्यांत धोंडो केशव कर्वे यांच्याशीं झाला आणि त्या बाया कर्वे झाल्या. विवाहानंतर कर्व्यांच्या मुरूड गांवानें या कुटुंबावर बहिष्कार घातला. १८९६ सालीं कर्व्यांनीं विधवांसाठीं अनाथ बालिकाश्रम काढला आणि १९०० सालीं तो शहराबाहेर हिंगण्याच्या माळावर गेला. फर्ग्युसन कॉलेजांत शिकवून संध्याकाळीं हिंगण्याची वाट पायीं तुडविणारे कर्वे सर्वांच्या डोळ्यांपुढें उभे आहेत. पण ज्या गृहस्थानें आपली मिळकत आश्रमाला वाहिली, त्याच्या घरची चूल कशी पेटत होती, हें विचारणारे थोडे. तें कळावयाचें असेल तर बायांचें 'माझें पुराण' वाचावें. त्यागाचा मान एकाचा होतो आणि त्याचा रोजचा हिशेब दुसऱ्यालाच चुकवावा लागतो, हें त्या पुस्तकांत स्वच्छ दिसतें.

बायांची बहीण पार्वतीबाई आठवले याच आश्रमांत आल्या. त्याही विधवा. आरंभीं अक्षरशत्रु असलेल्या या बाईनें पुढें आश्रमासाठीं गांवोगांव व्याख्यानें देऊन पैसे जमविले. १९१२ सालीं त्यांनीं केशवपन सोडलें. १९१८ सालीं, इंग्रजी भाषा शिकावी आणि संस्थेला मदत मिळवावी म्हणून, त्या अमेरिकेस गेल्या. जवळ पैसा नाहीं आणि भाषा येत नाहीं, अशा स्थितींत परक्यांच्या घरीं मोलकरणीचें काम करून त्यांनीं दिवस काढले आणि १९२० सालीं आश्रमासाठीं निधि घेऊन परत आल्या. या दरम्यान, १९१६ सालीं, हिंगण्याच्या परिसरांतच महिला विद्यापीठ उभें राहिलें होतें. त्या विद्यापीठाच्या नांवांत दाते आहेत, आणि तें योग्यही आहे. परंतु त्याच्या पायांत पार्वतीबाईंसारख्या स्त्रियांच्या घासलेल्या भांड्यांचेही पैसे आहेत.

इकडे शहरांत, न्यायमूर्तींच्या निधनानंतर कांहीं वर्षें एकांतांत काढून, रमाबाई रानडे पुन्हां बाहेर पडल्या. येरवड्याच्या तुरुंगांतील स्त्री-कैद्यांना त्या भेटत. १९०९ सालीं पुण्यांत सेवासदनाची स्थापना झाली आणि प्रौढ स्त्रियांच्या वर्गांबरोबर तेथें परिचारिकांच्या शिक्षणाचीही सोय झाली. परक्या रोग्याची शुश्रूषा करणें हें त्या काळीं कुलीन स्त्रीला लांछन मानलें जाई; सेवासदनाच्या मुलींनीं ससून रुग्णालयांत तें काम शिकून त्याला प्रतिष्ठा मिळवून दिली. आयुष्याच्या शेवटच्या वर्षांत रमाबाईंनीं आणखी एक लढा दिला. प्राथमिक शिक्षण सक्तीचें करावयाचें, तर तें केवळ मुलग्यांनाच कां, मुलींनाही कां नको, असा प्रश्न घेऊन १९२० च्या सुमारास पुण्याच्या स्त्रिया नगरपालिकेपुढें उभ्या राहिल्या. ज्या स्त्रीला स्वतःचें शिक्षण रात्रीं दार लावून करावें लागलें होतें, ती आतां शेंकडों स्त्रियांसह दिवसाउजेडीं तें दुसऱ्यांच्या लेकींसाठीं मागत होती. १९२४ सालीं त्या वारल्या. तीनच वर्षांनीं, जानेवारी १९२७ मध्यें, बडोद्याच्या महाराणी चिमणाबाई यांच्या अध्यक्षतेखालीं अखिल भारतीय महिला परिषदेचें पहिलें अधिवेशन भरलें तें पुण्यांत, फर्ग्युसन कॉलेजांत. आणि त्याचा मुख्य विषय होता स्त्रीशिक्षण.

शाळेचें दार उघडलें म्हणजे केवळ शाळाच बदलते असें नाहीं. शहराचें गाणें, नृत्य आणि विचारही बदलतात. गाणाऱ्या स्त्रीकडे पाहण्याची समाजाची दृष्टि हिराबाई बडोदेकर यांनीं बदलली. तिकीट लावून जाहीर जलसे करणाऱ्या त्या पहिल्या गायिकांपैकीं होत. सभ्य घरांतील स्त्री-पुरुष शेजारीं बसून ज्यांचें गाणें ऐकूं शकतील, अशी बैठक त्यांनीं आपल्या वागण्यानें घातली. रोहिणी भाटे यांनीं १९४७ सालीं पुण्यांत नृत्यभारतीची स्थापना करून कथकाला येथें घर दिलें. आणि हुजूरपागेची एक विद्यार्थिनी, कर्व्यांची सून, इरावती कर्वे, १९३९ पासून डेक्कन कॉलेजांत समाजशास्त्र व मानवशास्त्र या विषयांच्या प्रमुख म्हणून काम करूं लागल्या. १९६७ सालच्या 'युगान्त' या त्यांच्या ग्रंथानें महाभारतांतील माणसांकडे पाहण्याची मराठी वाचकाची नजरच पालटली. हें डेक्कन कॉलेज म्हणजे दुसरें तिसरें कांहीं नसून, १८२१ सालीं विश्रामबागवाड्यांत निघालेल्या त्याच पाठशाळेची पुढची पिढी. जिचें दार मुलींना बंद होतें, त्या विद्येच्या घरांत एक लेक आचार्यपदावर बसली. मध्यें काळ गेला तो सव्वाशें वर्षांहून थोडा कमी.

तथापि इतकें सांगून थांबणें अर्धसत्य होईल. हुजूरपागा असो कीं हिंगणें असो, या संस्थांचा लाभ प्रथम मिळाला तो मुख्यतः पांढरपेशा घरांतील मुलींना. मुक्ता साळवे हिनें १८५५ सालीं विचारलेला प्रश्न या संस्थांच्या दाराबाहेर दीर्घ काळ तसाच उभा राहिला. तिच्यासारख्या घरांतील स्त्रिया पुढल्या शतकांतही पुण्याच्या रस्त्यांवरून कागद, कांच आणि भंगार वेंचीत हिंडत होत्या. शहर त्यांच्या श्रमांवर स्वच्छ राहत होतें, आणि त्यांना मात्र चोर समजून हटकलें जात होतें. या स्त्रियांची कागद काच पत्रा कष्टकरी पंचायत १९९३ सालीं स्थापन झाली. आपण भीक मागत नाहीं, काम करतों, आणि कामगाराला ओळखपत्र मिळालें पाहिजे, ही त्यांची साधी मागणी होती. या संघटनेची सुरुवात ज्यांच्या प्रयत्नांतून झाली, त्या कार्यकर्त्या महिला विद्यापीठाच्याच प्रौढशिक्षण विभागांत काम करणाऱ्या होत्या. हिंगण्याच्या माळावर निघालेल्या विद्यापीठाची पावलें अखेर मुक्ताच्या वस्तीपर्यंत पोंचलीं, हें खरें. पण तीं पोंचावयास तीन पिढ्यांहून अधिक काळ लागला, हेंही तितकेंच खरें.

या सर्व कथेंत पुरुषांचें साहाय्य नाहीं असें कोण म्हणेल? जोतीराव, रानडे, कर्वे यांच्यावांचून ही वाट उघडली नसती. परंतु वाट उघडणें निराळें आणि ती रोज चालणें निराळें. त्यांच्या पत्नींना केवळ सहधर्मचारिणी म्हणून गौरवावयाचें आणि पुढें जावयाचें, ही आपल्या स्मृतीची जुनी खोड आहे. वस्तुस्थिति अशी कीं, यांतील प्रत्येक स्त्रीनें जें मिळविलें तें आपल्यापाशीं ठेवलें नाहीं. सावित्रीबाईंच्या शाळेंतून मुक्ता निघाली, पंडिता रमाबाईंच्या सभेंतून रमाबाई रानडे निघाल्या, शारदा सदनांतून बाया आणि बायांच्या पाठोपाठ पार्वतीबाई. एकीनें दुसरीला हात दिला, आणि त्या हातांची ही सांखळी म्हणजेच पुण्याचें विद्येचें माहेर.

२०१४ सालीं पुणें विद्यापीठाला सावित्रीबाई फुले यांचें नांव देण्यात आलें. ज्या शिक्षिकेला या शहराच्या गल्लींतून दुसरें लुगडें बरोबर घेऊन चालावें लागलें, तिचेंच नांव आतां येथील प्रत्येक पदवीपत्रावर असतें. बुधवार पेठेंतील भिडे वाडा मात्र पडझड आणि न्यायालयीन वाद यांत अनेक वर्षें अडकून राहिला. डिसेंबर २०२३ मध्यें तो जीर्ण वाडा उतरविण्यात आला, तो त्या जागीं स्मारक उभारण्यासाठीं. स्मारकें व्हावींत, नांवेंही द्यावींत. पण माहेराची खूण दगडी नसते. लेक दाराशीं आली असतां तिला कोठें चाललीस, कां आलीस, असें कोणी विचारीत नाहीं, ही माहेराची खूण. पुण्यांतील शेवटच्या वस्तींतील मुलगी ज्या दिवशीं शाळेच्या दारांतून तितक्याच निःशंकपणें आंत जाईल, त्या दिवशीं हें जुनें बिरुद सर्वार्थानें खरें ठरेल. आणि तें खरें करण्याचें श्रेय आधीं या लेकींचें असेल.